सहा व्होल्टची जुनी गाडी बारा व्होल्टवर नेल्यानंतर मूळ गेज चालू ठेवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटरी, अल्टरनेटर, बल्ब आणि इग्निशन कॉइल बदलली की गाडी बारा व्होल्टवर चालू लागते. डॅशबोर्ड मात्र अजून सहा व्होल्टचाच असतो. ती मूळ गेज काढून न टाकता नीट चालावीत म्हणून काय करायचं, ते इथे दिलं आहे. कामाला हात घालण्याआधी बॅटरीची अर्थिंगची केबल काढून ठेवा. पेट्रोलच्या टाकीजवळ काम असेल तर हे विसरून चालणारच नाही.

बारा व्होल्ट केल्यावर सगळ्याच गेजचं काही करावं लागतं का?

नाही. बऱ्याच गाड्यांत जेमतेम एका-दोन गेजचाच प्रश्न असतो. स्पीडोमीटर केबलवर फिरतो. ऑइल प्रेशरच्या गेजला मागून बारीक तांब्याची नळी आली असेल तर ते तेलाच्या दाबावर चालतं. तापमानाच्या गेजमधून निघालेली केशनळी थेट इंजिनात गेली असेल तर त्यालाही विजेशी देणंघेणं नाही. अ‍ॅमीटर प्रवाह मोजतो, व्होल्टेज नाही, त्यामुळे तोही वाचतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपचं उदाहरण घ्या. डॅशवर पाच गेज आहेत, पण व्होल्टेज उतरवून द्यावं लागतं ते फक्त पेट्रोलच्या गेजला. १९६२ ते १९६७ च्या बीटलमध्ये तर पेट्रोलचं गेजसुद्धा केबलवर चालतं, म्हणजे तिथे गेजच्या बल्बापलीकडे काही कामच नाही. याउलट १९५५ पर्यंतच्या फोर्डमध्ये पेट्रोल, तापमान आणि ऑइल प्रेशर ही तिन्ही गेज विजेवर चालणारी असू शकतात. म्हणून आधी डॅशखाली डोकं घालून प्रत्येक गेजच्या मागे वायर आहे की नळी, ते बघा. सामानाची यादी त्यानंतर.

विजेवर चालणारं गेज कोणत्या जातीचं आहे, हे कसं ओळखायचं?

किल्ली फिरवा आणि काट्याकडे बघत राहा. काटा सावकाश, दहा-पंधरा सेकंद घेत वर चढत असेल तर आत बायमेटलची (दोन धातू जोडून केलेली) पट्टी आणि तिच्यावर गुंडाळलेली हीटरची तार आहे. तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. किल्ली फिरवताच काटा टुणकन जागेवर जात असेल आणि गाडी हलली की थरथरत असेल, तर ते दोन कॉइलचं गेज आहे.

फोर्ड आणि क्रायस्लरमध्ये बहुतेक करून बायमेटल सापडतं, जनरल मोटर्सच्या गाड्यांत दोन कॉइलचं. पण सत्तर वर्षांत गाडीत कुणी काय बसवलं असेल याचा भरवसा नाही, तेव्हा चाचणी घ्याच. ती सहा व्होल्टवर घ्या. चार पेन्सिल सेल एकापुढे एक जोडले तरी या कामाला पुरतात.

ही ओळख पटवण्यात आळस करू नका. पुढचा सगळा उपाय तिच्यावर ठरतो.

सहा व्होल्टचं गेज थेट बारा व्होल्टवर लावलं आणि ते चाललं. मग अडचण काय?

चालेल. किती दिवस, हा प्रश्न आहे. व्होल्टेज दुप्पट झालं की प्रवाह दुप्पट होतो आणि उष्णता चौपट. इंजिन चालू असताना तर सिस्टिम १४.२ व्होल्टच्या आसपास असते, म्हणजे उष्णता साडेपाच पट.

बायमेटल गेजमध्ये काटा लगेच पूर्णच्या पलीकडे जाऊन आडतो. हीटरची तार जळते किंवा पट्टी कायमची वाकते. पट्टी एकदा वाकली की नंतर व्होल्टेज बरोबर दिलं तरी काटा शून्यावर परत येत नाही.

दोन कॉइलचं गेज जास्त फसवं, कारण ते बारा व्होल्टवरही बरोबर आकडा दाखवतं. त्याचा काटा दोन कॉइलमधल्या प्रवाहांच्या गुणोत्तरावर ठरतो, आणि व्होल्टेज वाढलं तरी गुणोत्तर तेच राहतं. आतल्या कॉइल मात्र भाजत असतात. काही महिन्यांनी तारेवरचा वार्निशचा थर जळून वेढे एकमेकांना चिकटतात आणि मग काटा चुकायला लागतो.

गेजच्या वायरीत एक रेझिस्टर टाकला की झालं, असं सगळे सांगतात. बरोबर आहे का?

दोन कॉइलच्या गेजसाठी बरोबर. बायमेटलसाठी चूक, आणि घोळ होतो तो इथेच.

बायमेटल गेज ओढत असलेला प्रवाह कायम बदलत असतो, कारण सेंडरचा, म्हणजे टाकीत किंवा इंजिनात बसवलेल्या, गेजला माप कळवणाऱ्या भागाचा रोध बदलतो. फोर्डच्या प्रचलित सेंडरचा रोध टाकी रिकामी असताना सुमारे ७३ ओहम आणि भरलेली असताना सुमारे १० ओहम असतो. गेजच्या हीटरचा रोध १२ ओहम धरू. तुमच्या गेजचा स्वतः मोजून घ्या. सहा व्होल्टवर भरलेल्या टाकीला प्रवाह येतो ६ भागिले २२, म्हणजे ०.२७ अँपिअर, आणि रिकाम्या टाकीला ६ भागिले ८५, म्हणजे ०.०७ अँपिअर.

आता बारा व्होल्टवर भरलेल्या टाकीचा काटा बरोबर यावा म्हणून २२ ओहमचा रेझिस्टर टाकला. टाकी भरलेली असेपर्यंत सगळं छान. टाकी रिकामी झाली की एकूण रोध होतो २२ अधिक १२ अधिक ७३, म्हणजे १०७ ओहम, आणि प्रवाह ०.११ अँपिअर. मूळ गेजला एवढा प्रवाह सेंडर सुमारे ४२ ओहमवर असताना मिळायचा. म्हणजे टाकीत थेंबही नसताना काटा बऱ्यापैकी पेट्रोल शिल्लक दाखवत उभा राहतो. उलट रिकाम्या टाकीचा हिशेब धरून ८५ ओहमचा रेझिस्टर टाकला, तर टाकी काठोकाठ भरली तरी काटा त्याच ४२ ओहमच्या खुणेवर अडकतो. मधला कोणताही रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकं एकदम जुळत नाहीत.

शिवाय रेझिस्टरला १२ आणि १४.२ व्होल्टमधला फरक कळत नाही. इंजिन चालू झालं की काटा चढतो, हेडलाइट लावून गाडी उभी राहिली की उतरतो.

दोन कॉइलच्या गेजला किती ओहमचा रेझिस्टर घ्यायचा?

गेज सहा व्होल्टवर सेंडरसकट चालवा आणि पुरवठ्याच्या वायरीत मल्टिमीटर लावून प्रवाह मोजा. मग १४ मधून ६.५ वजा करा आणि उरलेल्याला त्या प्रवाहाने भागा. समजा प्रवाह ०.१५ अँपिअर आला, तर ७.५ भागिले ०.१५, म्हणजे ५० ओहम. बाजारात ४७ ओहमचा मिळतो, तो चालेल. त्यात जवळपास १.१ वॅट उष्णता होते, म्हणून ५ वॅटचा वायरवाउंड सिरॅमिक रेझिस्टर घ्या. तो चांगलाच गरम होतो. कापडी टेपमध्ये गुंडाळू नका, पत्र्यापासून थोडा मोकळा ठेवा.

प्रत्येक गेजला वेगळा रेझिस्टर हवा. दोन गेज एकाच रेझिस्टरवर टांगली की त्या दोघांना मिळणारं व्होल्टेज एकमेकांच्या प्रवाहानुसार वरखाली होत राहतं.

रेझिस्टर नेहमी इग्निशनकडून येणाऱ्या टर्मिनलवर. सेंडरच्या वायरीत टाकला तर सेंडरचा रोधच वाढल्यासारखा होईल आणि आकडा सपशेल चुकेल.

बायमेटलसाठी मग काय लावायचं?

व्होल्टेज रेग्युलेटर. सगळ्यात सोपा म्हणजे ७८०६ हा तीन पायांचा आयसी. समोरून छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडचा पहिला पाय इनपुट, मधला अर्थिंग, तिसरा आउटपुट. वर भोक असलेला धातूचा पत्रा मधल्या पायाशीच जोडलेला असतो, म्हणून निगेटिव्ह अर्थिंगच्या (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या) गाडीत तो थेट बॉडीच्या पत्र्यावर बोल्टने आवळता येतो.

जोडणीचा क्रम असा: इग्निशनची वायर, १ अँपिअरचा फ्यूज, १एन५४०१ डायोड, मग इनपुटचा पाय. डायोडची पट्टी रेग्युलेटरच्या बाजूला. इनपुट आणि अर्थिंगमध्ये ०.३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आउटपुट आणि अर्थिंगमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा. दोन्ही आयसीच्या पायांशी जितके जवळ तितकं चांगलं. लांब वायरीवर टांगले तर आउटपुट डोलायला लागू शकतं. आउटपुटची वायर गेजच्या इग्निशन टर्मिनलला.

अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल सुटलं तर लाइनवर क्षणभर मोठा झटका येतो, आणि ७८०६ ची इनपुटची मर्यादा ३५ व्होल्ट आहे. म्हणून इनपुट आणि अर्थिंगमध्ये १.५केई२४ए हा टीव्हीएस डायोड टाका, पट्टी इनपुटकडे. किरकोळ भाग आहे, पण पुन्हा न मिळणारं गेज वाचवतो.

एक गोष्ट लक्षात असू द्या: हा आयसी इनपुट आठ व्होल्टच्या वर असेल तरच सहा देतो. स्टार्टर मारताना बॅटरी खाली आली की काटा थोडा लवतो, त्यात काळजीचं काही नाही.

एकाच ७८०६ वर तिन्ही गेज चालतील का?

कागदावर चालतात. तीन गेज पूर्ण काट्यावर मिळून ०.८ अँपिअर ओढतात आणि आयसी १ अँपिअरचा आहे. पण रेग्युलेटरमध्ये ८.२ गुणिले ०.८, म्हणजे साडेसहा वॅट उष्णता तयार होते. डॅशच्या मागे हवा खेळत नाही आणि उन्हात तिथलं तापमान आधीच वाढलेलं असतं. आयसी तापला की आपोआप हात आखडता घेतो. मग अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर सगळे काटे एकदम खाली आले आणि गाडी थांबवून थंड केल्यावर पुन्हा वर गेले, अशी तक्रार येते.

प्रत्येक गेजला वेगळा ७८०६ लावणं चांगलं. मग एकेकाला सव्वादोन वॅटच झेपवायचे असतात, आणि ५ बाय ८ सेंटिमीटरचा ३ मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा हीटसिंक म्हणून पुरतो. आयसी आणि पत्रा यांच्यात हीटसिंक पेस्टचा पातळ थर द्या. एक आयसी गेला तरी बाकीची दोन गेज चालू राहतात, हा आणखी एक फायदा. दोन रेग्युलेटरचे आउटपुट मात्र एकमेकांना जोडू नका. एकच जास्त भार उचलतो आणि दुसरा नुसता बसून राहतो.

तयार बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवून देणारं छोटं सर्किट) वापरलं तर?

चांगला पर्याय आहे. एलएम २५९६ वर आधारलेली छोटी मॉड्यूल तिन्ही गेज सहज ओढतात आणि फारशी तापत नाहीत. पण गेज जोडण्याआधी त्यावरचा स्क्रू फिरवून आउटपुट मल्टिमीटरवर ६ व्होल्टला आणा. नवं मॉड्यूल भलत्याच व्होल्टेजवर सेट केलेलं असू शकतं. सेट झालं की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, म्हणजे खडखडाटाने तो फिरणार नाही.

ही मॉड्यूल सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद होत असतात. गाडीत जुना मीडियम वेव्ह रेडिओ चालू ठेवायचा असेल तर त्यात घरघर ऐकू येऊ शकते. अशा गाडीत ७८०६ च बरा.

नेमकं सहा व्होल्टच हवं का? जुन्या गाडीत चार्जिंगला सात व्होल्ट असायचे ना?

असायचे. चार्जिंग चालू असताना सहा व्होल्टची सिस्टिम ७.२ च्या आसपास जायची आणि गाडी बंद असताना ६.३ वर यायची. त्यामुळे सहावर काटा किंचित कमी दाखवत असेल तर एलएम ३१७ हा रेग्युलेटर आयसी घ्या, त्यात व्होल्टेज हवं तसं ठेवता येतं. २४० आणि ९१० ओहमचे रेझिस्टर टाकले की जवळजवळ बरोबर ६ व्होल्ट मिळतात. ९१० च्या जागी १ किलोओहम टाकला की साधारण साडेसहा. याचे पाय वेगळे आहेत: पहिला अ‍ॅडजस्टचा, मधला आउटपुट, तिसरा इनपुट. २४० चा रेझिस्टर आउटपुट आणि अ‍ॅडजस्टमध्ये, मोठा अ‍ॅडजस्ट आणि अर्थिंगमध्ये. पत्रा आउटपुटशी जोडलेला असल्यामुळे बॉडीवर बसवताना अभ्रकाची चकती आणि प्लॅस्टिकचा बुश लागतो.

नंतरच्या बारा व्होल्टच्या फोर्डचा मूळ रेग्युलेटर काढून लावला तर?

१९५६ मध्ये फोर्ड बारा व्होल्टवर आली तेव्हा गेजच्या मागे एक छोटी डबी आली. ती आतल्या संपर्काची उघडझाप करून सरासरी सुमारे पाच व्होल्ट देते. सहा व्होल्टच्या गेजला पाच दिले की हीटरची उष्णता ६९ टक्क्यांवर येते, म्हणजे भरलेल्या टाकीलाही काटा बराच खाली राहतो. पेट्रोल असून नाही म्हणणारं गेज त्यातल्या त्यात बरं, पण बरोबर म्हणता येणार नाही.

पॉझिटिव्ह अर्थिंग तसंच ठेवलं आहे. ७८०६ चालेल?

नाही, तिथे ७९०६ लागतो. त्याचे पाय वेगळ्या क्रमाने येतात: पहिला अर्थिंग, मधला इनपुट, तिसरा आउटपुट. त्याचा पत्रा इनपुटशी जोडलेला असतो. तो थेट बॉडीवर आवळला तर सरळ शॉर्ट. अभ्रकाची चकती आणि बुश टाकून बसवा, आणि बसवल्यावर पत्रा व बॉडी यांच्यात मल्टिमीटरची पीप वाजत नाही ना, ते तपासा. कपॅसिटर इनपुटला २.२ आणि आउटपुटला १ मायक्रोफॅरडचे घ्या. इलेक्ट्रोलिटिक किंवा टँटॅलम असतील तर त्यांचं पॉझिटिव्ह टोक अर्थिंगकडे येईल. डायोड आणि टीव्हीएसही उलटे फिरवा.

अर्थिंग पॉझिटिव्हचं निगेटिव्ह केलं. गेज उलटी फिरतील का?

बायमेटल गेजला फरक पडत नाही, तारेला तापायला दिशा लागत नाही. दोन कॉइलच्या गेजमध्ये काट्याला साधं लोखंड असेल तर फरक नाही, चुंबक असेल तर पडतो. कोणतं आहे ते टेबलावर सहा व्होल्ट उलटसुलट देऊन लगेच कळतं. अ‍ॅमीटर मात्र नक्की उलटा दाखवेल. त्याचं पुढे आहे.

रेग्युलेटर नेमका कुठे जोडायचा?

इग्निशन स्विचकडून एक वायर निघते आणि एका गेजवरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते. पहिल्या गेजच्या आधी ती वायर तोडा आणि मध्ये रेग्युलेटर घाला. तोडण्याआधी त्याच वायरीवर आणखी काय लटकलं आहे ते शोधा. अनेक गाड्यांत ब्रेकलाइट, इंडिकेटरचा फ्लॅशर किंवा हीटरचा पंखा तिथूनच घेतलेला असतो. तो भार रेग्युलेटरच्या मागे गेला की आयसी बसलाच म्हणा.

इग्निशन कॉइलच्या आधीच्या रेझिस्टरवरून गेजला वायर घेणाऱ्यांचं मनोरंजन होतं. तिथलं व्होल्टेज इंजिनच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर नाचतं.

सेंडर बदलावे लागतात का?

नाही. सेंडरच्या रोधाचा बॅटरीच्या व्होल्टेजशी संबंध नाही, गेजशी आहे. गेजला सहा व्होल्ट मिळत असेल तर जुना सेंडर जसाच्या तसा राहू द्या. नवीन घ्यावा लागला तर बारा व्होल्टचा की सहाचा हे न विचारता किती ओहमचा ते विचारा. फोर्ड-क्रायस्लरसाठी ७३ ते १०. जनरल मोटर्ससाठी १९६४ पर्यंत शून्य ते ३०, आणि तिथे क्रम उलटा: रिकामी म्हणजे शून्य. १९६५ पासून शून्य ते ९०.

१९४० च्या दशकातल्या फोर्डच्या ऑइल आणि तापमानाच्या सेंडरमध्ये बदलता रोधच नसतो. आत तापून उघडझाप करणारा संपर्क असतो. मल्टिमीटरवर त्याचा आकडा काही केल्या बदलत नाही, म्हणून पुष्कळ जण चांगले सेंडर फेकून देतात. असा सेंडर गेजला जोडूनच तपासायचा.

गेज बिघडलं आहे की सेंडर, हे टाकी न उतरवता कसं कळेल?

सेंडरची वायर सोडवा आणि तिच्या टोकापासून बॉडीपर्यंत ठराविक रेझिस्टर लावा. ७३-१० च्या गेजला १० ओहम लावला की काटा पूर्णवर यायला हवा. ६८ आणि ४.७ एकापुढे एक जोडले की रिकामी. बायमेटल असेल तर प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबा. रेझिस्टर २ वॅटचे घ्या. शून्य-३० च्या गेजला वायर बॉडीला टेकवली की रिकामी, ३० ओहम लावले की पूर्ण.

७३-१० च्या गेजची वायर मात्र थेट बॉडीला टेकवून ठेवू नका. भरलेल्या टाकीपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रवाह हीटरमधून जातो.

रेझिस्टरने काटा बरोबर येतो पण सेंडर जोडला की चुकतो, तर सेंडरवर खापर फोडण्याआधी टाकीची अर्थिंग बघा. रंगवलेली टाकी, खाली रबराच्या पट्ट्या, गंजलेले बोल्ट. सेंडरच्या पत्र्यापासून बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकापर्यंत अर्ध्या ओहमपेक्षा जास्त रोध येत असेल तर सेंडरच्या एका स्क्रूपासून चॅसिसपर्यंत वेगळी वायर टाका. दहा ओहमच्या सेंडरला पाच ओहमची गंजकी अर्थिंग लागली की भरलेली टाकी कधीच पूर्ण दिसत नाही.

सगळे काटे एकदम पूर्णच्या पलीकडे गेले. काय झालं?

किल्ली बंद करा, आधी ते. रेग्युलेटरची अर्थिंग सुटली आहे. मधल्या पायाला अर्थिंग नसेल तर ७८०६ जवळजवळ सगळं इनपुट तसंच पुढे ढकलतो. फोर्डच्या जुन्या डबीचंही तेच: डबीच्या पत्र्याला अर्थिंग मिळाली नाही तर आतला संपर्क उघडतच नाही आणि गेजला पूर्ण बारा व्होल्ट जातात. डॅश रंगवून आणल्यावर हा प्रकार हमखास होतो, कारण स्क्रूखाली ताजा रंग असतो. स्क्रूच्या भरवशावर राहू नका. अर्थिंगच्या पायाला स्वतंत्र वायर सोल्डर करा आणि ती बॉडीच्या घासून उघड्या केलेल्या पत्र्यावर रिंग टर्मिनलने आवळा.

किल्ली बंद असताना तापमानाचा काटा पूर्ण गरमवर जातो. गेज गेलं का?

जुन्या फोर्ड व्ही-८ मध्ये ते तसंच असतं. प्रवाह नसेल तर काटा गरमकडे, किल्ली लावली की तापून थंडकडे सरकतो. म्हणूनच या गेजची वायर तुटली तर इंजिन उकळल्यासारखं दिसतं. या फ्लॅटहेड इंजिनात दोन हेडमध्ये दोन सेंडर असतात. एक टर्मिनलचा असतो तो खरा सेंडर. दोन टर्मिनलचा म्हणजे नुसता स्विच, हेड फार तापलं की तो सर्किट तोडतो. दोघांची अदलाबदल केली तर गेज कधीच खरं सांगणार नाही.

अ‍ॅमीटरचं काय?

व्होल्टेजसाठी काहीच करायचं नाही. अर्थिंग बदललं असेल तर दिशा बदला. मागे दोन जाड टर्मिनल असतील तर वायरींची अदलाबदल करा. पत्र्याच्या कडीतून वायर नुसती आरपार गेलेली असेल, तर तीच वायर विरुद्ध बाजूने ओवून घ्या. तपासायला इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा, काटा डिस्चार्जकडे झुकायला हवा. त्याच वॅटचे बल्ब बारा व्होल्टवर अर्धाच प्रवाह ओढतात, त्यामुळे काटा आधीपेक्षा कमी हलला तर दचकू नका.

अल्टरनेटर बसवला असेल तर मात्र विचार करा. मूळ डायनमो ३०-३५ अँपिअरचा, अ‍ॅमीटरही ३० चा. ६० अँपिअरचा अल्टरनेटर उतरलेली बॅटरी भरायला लागला की ते सगळं डॅशच्या मागून, सत्तर वर्षांच्या टर्मिनलमधून जातं. टर्मिनलचा नट ढिला असेल तर तिथेच तापून इन्सुलेशन वितळतं आणि आग लागू शकते. कडीच्या प्रकाराला हा धोका कमी, कारण त्यात मध्ये सांधा नाही. टर्मिनलच्या अ‍ॅमीटरसाठी कमी अँपिअरचा अल्टरनेटर निवडा, किंवा अ‍ॅमीटरला समांतर जाड वायर टाका. मग काटा खरा आकडा न दाखवता फक्त दिशा दाखवेल.

अल्टरनेटरची वायर थेट बॅटरीला नेली तर भार चालू केला की काटा कायम डिस्चार्जकडे राहतो, चार्जिंग झकास असलं तरी. तो चार्ज दाखवायला हवा असेल तर अल्टरनेटरचं आउटपुट अ‍ॅमीटरच्या बॅटरीविरुद्धच्या टर्मिनलवर आलं पाहिजे.

डॅशवरचं घड्याळ?

घड्याळ त्याच ७८०६ वर टाकू नका. ते दर थोड्या वेळाने एका कॉइलच्या झटक्याने स्वतःला चावी देतं आणि त्या क्षणी काही अँपिअर ओढतं. आयसी तेवढं देत नाही, झटका अपुरा पडतो, संपर्क मिटलेलाच राहतो आणि कॉइल जळते. थेट बारा व्होल्टवर लावलं तर संपर्काच्या टोकांना ठिणग्यांनी खड्डे पडतात. ३ अँपिअरचं वेगळं बक मॉड्यूल आणि वेगळा फ्यूज द्या, किंवा आतली यंत्रणा क्वार्ट्झची करून तबकडी-काटे मूळ ठेवा. घड्याळ किल्ली बंद असतानाही चालतं, त्यामुळे मॉड्यूल स्वतः थोडा प्रवाह खात राहील. गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल तर क्वार्ट्झ करा.

गेजमधले बल्ब?

बदला. ५५ क्रमांकाच्या जागी ५७, ५१ च्या जागी ५३. होल्डर तेच राहतात. एलईडी टाकायचे आणि अर्थिंग पॉझिटिव्ह असेल तर दोन्ही दिशांनी चालणारे घ्या.

सगळं बरोबर आहे, तरी काटा थोडा चुकतो.

आधी गेज चालू असताना त्याच्या टर्मिनलवर सहा व्होल्ट आहेत ना, मोजा. असतील तर बऱ्याच बायमेटल गेजच्या मागे दोन छोटी भोकं असतात, आत दातेरी पट्ट्या दिसतात. एक रिकामीचं टोक सरकवते, दुसरी पूर्णचं. गेज टेबलावर ठेवून सहा व्होल्ट द्या, ७३ ओहम लावून पहिली जुळवा, १० ओहम लावून दुसरी. एकीने दुसरी थोडी हलते, म्हणून दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. बारीक स्क्रूड्रायव्हरने एका वेळी एकच दाता. दातेरी पट्टी जागची हलत नसेल तर जोर लावू नका. एक थेंब हलकं तेल टाकून रात्रभर ठेवा, आणि ते तबकडीवर ओघळू नये म्हणून गेज उपडं ठेवू नका, तोंड वर करून ठेवा.

गेज आधीच जळलेलं आहे. सहा व्होल्टचंच शोधायचं का?

गरज नाही. जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९५५ ते १९६४ च्या बारा व्होल्टच्या गेजची यंत्रणा त्याच शून्य-३० च्या सेंडरवर चालते. आकारात बसत असेल तर मूळ तबकडी आणि काटा तिच्यावर चढवता येतात, आणि मग रेझिस्टर-रेग्युलेटर काहीच लागत नाही. फोर्डमध्ये पाच व्होल्टची नंतरची यंत्रणा बसवली तर ७८०६ ऐवजी ७८०५ लावा, पाय तेच आहेत. तबकडी काढताना काटा सरळ वर ओढा. त्याखाली दोन चमचे समोरासमोर घालून सारख्या जोराने उचलला तर त्याची बारीक दांडी वाकत नाही.